शेंड्यावरचा

१२ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र घेऊन येणारा माणूस आमचा जीपवाला आहे. त्याच्या हातात फडक्यानं झाकलेला पिंजरा असेल. आधी त्याला पाणी विचार, मग फडकं काढ, आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल.

बाबांना झटका आल्याचा तुझा निरोप मिळाला, त्याच आठवड्यात वादळानं आमचे झुलते पूल लोंबकळले. झाडांच्या शेंड्यांमधून पाहुण्यांना फिरवायचे ते पूल. त्यांचे दोर आवळायचे, कुजलेल्या फळ्या बदलायच्या, हे माझं काम, आणि ते करणारा मी एकटाच. रजा मिळाली नाही. तुझ्या एकटीच्या गळ्यात सगळं पडलं, हे मला समजतं.

पिंजऱ्यात आहे त्याला इथले लोक नुसतं ‘शेंड्यावरचा’ म्हणतात, कारण तो कधी खाली उतरतच नाही. चिमणीपेक्षा लहान. अंग कोवळ्या पानासारखं हिरवं, गळा निळा, कपाळावर कुणी बोटानं रंग ओढावा तसा पिवळा पट्टा. हा मात्र पुलाखाली पडलेला सापडला. पंखाला लागलंय, आता रानात जगायचा नाही. बाबा आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढले, आणि आता छताकडे बघत पडून असतील. वाटलं, उंचावरचं काहीतरी त्यांच्याजवळ असावं.

रानात तो बांडगुळाची फळं खातो. तुमच्याकडे बांडगूळ म्हणजे मीच, तेव्हा त्याला पिकलेलं केळं आणि पपई दे. पाण्याचा शिडकावा त्याला आवडतो.

तुझा,
भटक्या

३ मार्च

भटक्या,

शिव्या द्यायला वेळ मिळाला नाही म्हणून दिल्या नाहीत. त्या जपून ठेवल्यात, आलास की एकरकमी मिळतील.

बाबांची उजवी बाजू गेली आहे. बोलणंही गेलं. समजतं सगळं, निदान मला तसं वाटतं. त्यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून मी कामाचं सगळं सामान घरी आणलं: टेबल, घासायचं मशीन, साचे, पावडरीचे डबे, पातळ औषधाच्या बाटल्या. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात आणि बाबांच्या पायथ्याशी बसून मी लोकांच्या कवळ्या बनवते. पावडर आणि औषध कालवलं की हिरड्यांचा गुलाबी लगदा होतो. वास उग्र असतो. सुरुवातीला डोळे चुरचुरले, आता मला तो येतच नाही. बाबा मधूनमधून डाव्या हातानं खिडकीकडे खुणावतात. वाऱ्याचा त्रास होत असणार. तशीही पावडर उडते म्हणून मी खिडकी लावूनच घेते.

आता तुझ्या पाखराबद्दल. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यात आकसून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गायला लागलं ते थांबेचना. मी मशीन बंद करून ऐकत बसले. आणि मग बाबांनी डाव्या हातानं पलंगाच्या दांडीवर ठेका धरला. हो, ठेका. तोंडानं ‘उ… उ…’ करत गुणगुणायलाही लागले. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला आवाज. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पिंजरा आता पलंग आणि माझं टेबल यांच्या मध्ये टांगलाय, म्हणजे दोघांनाही ऐकू येतं. तू आला नाहीस याचा राग आहेच. पण हे तू चांगलं केलंस.

ताई

२२ मार्च

ताई,

तुझं पत्र पुलावर बसून वाचलं. बाबा गुणगुणतात ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

दिवसभर गातो म्हणतेस? शेंड्यावरचा सहसा एवढा गात नाही. पण गातोय तर गाऊ दे. शक्य असेल तर पिंजरा खिडकीशी ठेव, त्याला उजेड लागतो.

इकडं सगळं ठीक. काल एक बाई पुलाच्या मधोमध पोचल्या, मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, “मी आता इथून हलणार नाही. मला इथंच जेवण आणून द्या.” त्यांच्या नवऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, “ही सोय कायमची होईल का हो?” बाबांना सांग, त्यांना हसू येईल.

पुढच्या महिन्यात नक्की येतो.

भटक्या

९ एप्रिल

भटक्या,

घाईत लिहिते आहे, कामं खूप साठलीत.

आणखी एक पाखरू मिळेल का? पहिल्याला सोबत हवी असं वाटतं. अगदी तसाच हवा. नरच बघ, आणि कपाळावरचा पट्टा तसाच रुंद असू दे. दोघं सारखे दिसले की छान वाटेल. लवकर पाठवलास तर बरं.

बाबांना खोकला झालाय. डॉक्टरांनी औषध दिलंय. बाकी सगळं ठीक.

ताई

२४ एप्रिल

ताई,

सोबतीला म्हणतेस आणि नर मागतेस. दोन नर एका पिंजऱ्यात ठेवलेस तर एकमेकांची डोकी फोडतील. पण तू मागितलास म्हणून पाठवतोय. आजवर तू माझ्याकडे काही मागितलंच नव्हतंस.

हा मिळायला जरा त्रास झाला. आमचे मुख्य साहेब हल्ली पुलावर जास्त फिरतात. त्यांना एका फांदीवर डिंक सापडला आणि त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं. मीही सगळ्यांसारखी नकारार्थी मान हलवली.

बाबांचा खोकला कसा आहे? महिनाअखेर येणं जमेलसं दिसत नाही. पाहुण्यांची गर्दी आहे.

भटक्या

१७ मे

भटक्या,

इस्पितळाच्या बाकावरून लिहिते आहे. बाबा आत आहेत. नाकाला नळी आहे, श्वास घेताना बरगड्या दिसतात. दोन्ही फुप्फुसांत सूज आहे.

तुला मी सोबतीचं जे लिहिलं, ते खोटं होतं. तुझं पहिलं पाखरू मार्च सरता सरता मेलं. सकाळी उठले तर पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं, पाय वर करून. बाबा झोपलेले होते. मी ते कापसात गुंडाळलं, दातांच्या एका रिकाम्या डब्यात ठेवलं आणि मागच्या अंगणात पुरलं. पिंजऱ्यावर फडकं टाकलं आणि बाबा उठल्यावर म्हटलं, “आज त्याला बरं नाही, झोपू दे त्याला.” दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही. बाबा फडक्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मी मशीन सुरू करायचे.

मला वाटलं होतं, पाखरू गेलं तर बाबांचं गुणगुणणंही जाईल. म्हणून दुसरं मागवलं. ते आलं तेव्हा मोठ्या हौसेनं फडकं काढलं आणि म्हटलं, “बघा, बरा झाला.” बाबांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना कळलं होतं. मी मात्र केळं कापत बसले, न कळल्यासारखी. ते पाखरू तर आठवडाभरही जगलं नाही.

इथं छातीच्या डॉक्टरांनी मला बाबांच्या पलंगाशी बोलावलं आणि बरंच काही विचारलं. घरात काय काम करता, कुठल्या वस्तू वापरता, बंद खोलीत का. मी म्हटलं, “खोलीला खिडकी आहे.” मग ते म्हणाले, “घरात मांजर, पक्षी वगैरे काही?”

“पक्षी आहे.”

“बरा आहे ना तो?”

“बरा आहे.”

का म्हटलं असं, मला माहीत नाही. जीभ आपोआप वळली, महिनाभर तीच सवय लागली होती. डॉक्टर मान हलवून पुढं गेले. आणि बाबांनी डाव्या हातानं पलंगाच्या दांडीवर मारायला सुरुवात केली. घरी करायचे तसंच. ‘उ… उ…’ करत.

नर्सबाई बाजूलाच होत्या. त्या वाकल्या आणि म्हणाल्या, “काय हवंय आजोबा? उघड म्हणताय का? खिडकी उघडू?” त्यांनी खिडकी उघडली. बाबांचा हात थांबला.

उघड. तीन अक्षरांतलं पहिलंच त्यांच्या तोंडून निघत होतं, आणि मी त्याला गाणं म्हणत होते. महिनोन् महिने तो माणूस मला एकच गोष्ट सांगत होता. मी कौतुकानं ऐकायचे आणि खिडकी आणखी घट्ट लावायचे. पिंजरा उघड म्हणत होते की खिडकी, तेही मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

मी डॉक्टरांच्या मागे पळत गेले. जिन्यात गाठून सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे पहिला पक्षी मेला त्याला दीड महिना होऊन गेला.” मी हो म्हटलं. “सगळं त्या वासामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पडून असलेल्या माणसाला हे होऊ शकतं, घासही चुकीच्या नळीत जातो. पण त्या हवेनं भर नक्कीच घातली. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.” ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

तू ये किंवा येऊ नकोस. मला आता कुणाला काही म्हणायचा हक्क राहिलेला नाही.

ताई

२५ मे

ताई,

मी येतोय. सामान बांधलं की निघेन. कदाचित पत्राआधी मीच पोचेन, पण जे तोंडावर बोलता येणार नाही ते इथं लिहितो.

पाखराच्या पंखाला काहीही लागलं नव्हतं. मी फांदीला डिंक लावून त्याला धरलं. पुलाजवळच्या झाडावर त्यांची जोडी होती आणि घरटं बांधून होत आलं होतं. जोडीदार दिसेनासा झाला की शेंड्यावरचा हाका मारतो, दिवस दिवस मारतो. तू लिहिलंस की गाणं थांबतच नाही, तेव्हाच मला कळलं तो काय करतोय. पण तू रडलीस असं लिहिलं होतंस, आनंदानं. म्हटलं, गाऊ दे.

आणि तू दुसरं मागितलंस, तशाच पट्ट्याचं, तेव्हा पहिलं मेलं हेही मला कळलं. कळणार नाही का? एका ओळीत विचारता आलं असतं, ‘ताई, कशानं मेलं?’ तू सांगितलं असतंस. कुणीतरी त्या बाटल्यांचं नाव काढलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू मला विचारलं असतंस की ते आणलं कुठून, आणि मग बाकीचंही निघालं असतं.

बाकीचं म्हणजे हे. मला रजा मिळाली होती. फेब्रुवारीत मी जीपनं इथल्या जवळच्या गावापर्यंत आलो, बसस्थानकावर तिकीटही काढलं. गाडी लागली. लोक चढले. मी टपरीवर चहा पीत उभा राहिलो आणि गाडी गेली. खांबावर एका हातानं लटकून खाली आमच्याकडे बघून हसणारे बाबा मला आठवत होते, आणि ते तसेच राहू देत असं वाटलं. परत आलो आणि दोन दिवसांनी डिंक कालवला. मी स्वतः येण्याऐवजी ते पाखरू पाठवलं, ताई.

काल मुख्य साहेबांना सांगितलं, डिंक माझा होता. ते बराच वेळ पुलाचा दोर चाचपत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या भरवशावर मी लोकांना इतक्या उंचीवर सोडतो.” उद्यापासून येऊ नकोस, असंही म्हणाले, पण ते मला आधीच कळलं होतं.

निघण्यापूर्वी त्या झाडापर्यंत जाऊन आलो. घरटं आहे तसंच आहे. मादी दिसली नाही.

भटक्या

१२ ऑगस्ट

भटक्या,

परगावच्या या नोकरीत आता बस्तान बसलं. इथल्या कारखान्यात आम्ही सहाजण दात बनवतो. भिंतीत मोठे पंखे आहेत, वास बाहेर ओढून नेतात. तोंडाला पट्टी लावल्याशिवाय बाटली उघडू देत नाहीत. पहिल्याच दिवशी त्या पंख्यांखाली उभी राहून वर बघत राहिले. एवढं सोपं होतं.

बाबा घरी आले, तू त्यांच्याजवळ आहेस, मी पगार पाठवते आहे. कागदावर सगळं व्यवस्थित आहे. पण तुला एक सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मला इथं छान झोप लागते. सकाळी कुणाचं अंग पुसायचं नसतं, कुणाच्या घशाकडे लक्ष ठेवून घास भरवायचा नसतो. रविवारी एकटीच बागेत जाऊन बसले, तासभर बाबांची आठवणही आली नाही. आठवण झाली तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं.

तुझ्या त्या बसस्थानकाच्या गोष्टीवर मी तुला माफ केलं नव्हतं. तू घरी आलास, राबलास, तरी नव्हतं केलं. आता कळतं, गाडी सोडून देणं काय असतं. मी दोन महिने ‘पुढच्या आठवड्यात येते’ असंच लिहिते आहे ना?

बाबांना पाखरांचं अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांना ठाऊक आहे हे आपल्याला ठाऊक आहे, पण सांगणं ते सांगणं.

ताई

३० ऑगस्ट

ताई,

बाबा आता उशीला टेकून बसतात. पलंग खिडकीला लावलाय. शब्द येतात, एकेकटे, पण नेमके. काल भाजी तिखट झाली तर ‘पाणी’ म्हणायच्या आधी ‘मूर्ख’ म्हणाले. भाजी मी केली होती.

परवा त्यांची दाढी करताना मी बसस्थानकाचं सांगितलं. वस्तरा हातात होता, त्यामुळे त्यांना हलता येत नव्हतं, म्हणून तोच मुहूर्त साधला. रजा मिळाली होती, तिकीट काढलं होतं, सगळं. तोंडाची एक बाजू हलली. म्हणाले, “गाढव.” अगदी स्पष्ट. मग दुसरा गाल पुढं केला.

पाखरांचं मी सांगणार नाही. डिंकाचं तेवढं माझं, ते सांगितलं. बाकीचं तुझं आहे. रोज दुपारी दाराकडे बघून विचारतात, “कधी?” मी म्हणतो, पुढच्या आठवड्यात. आता माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत.

भटक्या

१६ सप्टेंबर

भटक्या,

शनिवारी मी आले तेव्हा तू बाजारात गेला होतास. तू परत येईपर्यंत जे झालं ते तुला तेव्हा सांगता आलं नाही. तूही विचारलं नाहीस. दोघंही कपडे वाळत घालत राहिलो.

मी बाबांच्या पायाशी बसले. बाजूला बसायला धीर झाला नाही. म्हटलं, “बाबा, ती पाखरं दोन होती. पहिलं मेलं ते मी तुमच्यापासून लपवलं. दुसरं मी मागवून घेतलं, तेही मेलं. तुम्ही उघड म्हणत होतात आणि मी खिडकी लावत होते. डॉक्टरांनाही मी खोटं सांगितलं, तुमच्यासमोर.” एवढंच पाठ करून आले होते. गाडीत पुन्हा पुन्हा म्हटलं होतं, तरी शेवटचं वाक्य अर्धं राहिलं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता भिंतीकडे वळतील. वळले नाहीत. माझ्याकडेही बघितलं नाही. बाहेर कुणीतरी सायकल धूत होतं, ती पूर्ण धुऊन झाली तरी आम्ही तसेच बसलो होतो.

मग म्हणाले, “चहा.”

तुला गाढव तरी म्हणाले. मी उठले, चहा केला, गार करून चमच्यानं पाजला. घोट चुकीच्या नळीत जाऊ नये म्हणून हनुवटी खाली धरायची, हे माझ्या हाताला अजून आठवत होतं. सगळा कप संपवला. शेवटच्या चमच्यानंतर त्यांनी डोळे मिटले.

येताना गाडीत बाजूच्या बाई म्हणाल्या, काय झालं, रडताय का. मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो.

ती माफी होती की त्यांना नुसता चहा हवा होता, हे मला कळलेलं नाही. मनानं दहा वेळा सांगितलं की माफीच होती. पण या वेळी मी माझ्या सोयीचं काही समजून घेणार नाही. येत्या शनिवारी पुन्हा येते. त्यांना हवं असेल तर ते सांगतील, आणि सांगेपर्यंत मी बसून राहीन.

ताई